बारावीनंतर पब्लिक पॉलिसी शिकायचंय? कॉलेज, विषय आणि बाकी सगळं, अगदी नवख्यांसाठी

निकालाचा सीझन आला की हा प्रश्न हमखास येतो. आर्ट्स घ्यायचंय पण नुसतं पॉलिटिकल सायन्स नको, इकॉनॉमिक्स आवडतं पण त्यातल्या गणिताची भीती वाटते, समाजासाठी काहीतरी करायचंय, आणि कुठंतरी पब्लिक पॉलिसी असं नाव वाचलंय, तर घेऊ का? आणि मागोमाग आईवडिलांचा प्रश्न, म्हणजे कलेक्टर होणार का?

आधी त्या दुसऱ्याचं उत्तर. नाही. यूपीएससी किंवा एमपीएससी ही परीक्षा आहे, ती कुठल्याही डिग्रीवर देता येते, आणि यूपीएससीला जो पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन नावाचा ऑप्शनल आहे तो वेगळा विषय. पॉलिसी शिकलात तर निबंधाला आणि इंटरव्ह्यूला फायदा होईल, पण तेवढ्यासाठी ही डिग्री घेऊ नका, कारण तेवढ्यासाठी ती फार लांबचा रस्ता आहे.

मग हे आहे तरी काय? सरकार एखादी गोष्ट करायचं ठरवतं किंवा मुद्दाम करत नाही, ते का, कुणासाठी, कुणाच्या पैशातून, आणि निर्णय जमिनीवर उतरला की त्याचं नेमकं काय होतं, हे शोधायचा हा विषय. वाक्य सोपं आहे, पण कुठलाही एक प्रश्न उकलायला घेतला की लगेच चार डिपार्टमेंटची दारं वाजवावी लागतात, म्हणून तो मल्टिडिसिप्लिनरी.

कांद्याचं घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी केली, ती ३१ मार्चपर्यंत म्हणून होती ती पुढं वाढवली, मग ४ मे २०२४ ला उठवली, तीसुद्धा टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीत मतदान होतं २० मे ला. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. आता यावर चहाच्या टपरीवर जो तो बोलतो, आणि बहुतेक जण बरोबरच बोलतात, फक्त एकेक तुकडा बोलतात.

इकॉनॉमिक्सवाला विचारेल बंदीमुळं मुंबई-दिल्लीत भाव किती उतरला आणि शेतकऱ्याचं किती गेलं. कायदेवाला सांगेल की बंदीची अधिसूचना डीजीएफटी म्हणजे केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय काढतं, १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली, शुल्क मात्र अर्थ मंत्रालयातून येतं, आणि दोन्ही संसदेत मतदान न होता एका रात्रीत लागू होऊ शकतात. शेतीतलं कळणारा म्हणेल, लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, उन्हाळ कांदा मात्र चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, त्यामुळं डिसेंबरमधला बंदीचा फटका आणि मे मधला फटका एकाच शेतकऱ्याला दोन तऱ्हेनं बसतो. सोशॉलॉजीवाली पुढचं विचारेल की चाळ बांधायची ऐपत कुणाची आहे आणि काढणी झाल्या झाल्या उधारी फेडायला कोण विकतं. स्टॅटिस्टिक्सवाला बाजार समितीच्या बोर्डावरचे तीन आकडे दाखवेल, किमान, कमाल, सरासरी, आणि म्हणेल की बातमीत कमाल छापून येतो पण तुमच्या काकांच्या हिशेबपट्टीवर काय लिहिलंय ते बघा. आणि एक गोष्ट जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते, कांद्याचा बफर स्टॉक, म्हणजे भाव चढला की बाजारात सोडायला सरकारनं साठवलेला कांदा, केंद्राच्या कृषी खात्याकडं नसतोच, तो ग्राहक व्यवहार विभागाकडं असतो. ज्या खात्याचं कामच ग्राहकाला स्वस्त मिळावं हे आहे ते खातं दुसरा कुठला निर्णय घेईल? एवढं कळलं की निम्मी भांडणं वेगळ्या नजरेनं दिसायला लागतात.

हे वाचताना मजा आली असेल तर पुढं वाचा. कंटाळा आला असेल तर तेही कळलं ते बरंच झालं, फी भरायच्या आधी कळलं.

पायरी १ : ॲडमिशनच्या आधी एक महिना एकच विषय धरा

फार मोठा नको. एसटीत महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून आहे, तो धरा. राहिलेले अर्धे पैसे एसटीला कोण देतं, वेळेवर देतं का, बायका आता कामाला किंवा दवाखान्यात जास्त जातात का, आणि ज्या वाडीला बसच जात नाही तिथल्या बाईला या योजनेतून काय मिळालं? घरातल्या, शेजारच्या चार-पाच जणींना विचारा, कंडक्टरला विचारा, पेपरातल्या बातम्या जमवा. महिन्याच्या शेवटी दोन पानं लिहा. योजना चांगली की वाईट हे लिहायची घाई झाली तर समजा अजून प्रश्नच पुरते विचारून झालेले नाहीत.

पायरी २ : कुठं शिकायचं ते ठरवा

ढोबळमानानं तीन वाटा आहेत.

एक, डिग्रीवर पब्लिक पॉलिसी असं नाव असलेला मेजर, म्हणजे मुख्य विषय. पुण्यात लवळ्याला फ्लेम युनिव्हर्सिटीत असा मेजर आहे, आणि देशात इतरत्रही खासगी युनिव्हर्सिट्यांमध्ये पब्लिक पॉलिसी किंवा फिलॉसॉफी-पॉलिटिक्स-इकॉनॉमिक्स असे एकत्र मेजर मिळतात. शिकवतात चांगलं, ग्रुप लहान, असाइनमेंट भरपूर. फी मात्र वर्षाला काही लाखांत जाते. स्कॉलरशिप असते, ती मागायची लाज बाळगू नका, फॉर्म भरताना तो रकाना कोरा सोडणारी पोरं बघितली की वाईट वाटतं.

दोन, इकॉनॉमिक्सची तगडी डिग्री घ्यायची आणि पॉलिसी नंतर मास्टर्सला. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, १९३० पासूनची, तिथं बीएस्सी इकॉनॉमिक्स होतं. ज्यांचं गणित बरं आहे त्यांच्यासाठी हा मला सगळ्यात भक्कम रस्ता वाटतो.

तीन, आपल्या जिल्ह्यातलं किंवा तालुक्यातलं साधं कॉलेज, आणि पॉलिसीची डिग्री आपली आपण जुळवायची. बहुतेक वाचणारे इथलेच असणार, आणि खरं सांगायचं तर मला याच वाटेबद्दल जास्त बोलायचंय, कारण पॉलिसीत डिग्रीच्या नावापेक्षा तुम्हाला एक विषय आणि एक जागा किती खोलवर माहितीय यावर पुढं सगळं चालतं, आणि ते खोलवरचं माहिती करून घ्यायला परभणीचा किंवा सावंतवाडीचा पोरगा मुंबईच्या पोरापेक्षा मागं नसतो, उलट चार पावलं पुढंच असतो.

पायरी ३ : मेजर-मायनरचं गणित नीट लावा

महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आलं आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून. सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट (कोर्स पूर्ण केला की खात्यात जमा होणारं अभ्यासाचं माप), तीन वर्षांची डिग्री १३२ ला, चौथं वर्ष केलं तर १७६ आणि ऑनर्स. यात मेजर, मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय), स्किलचे कोर्स, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग अशी भरपूर खणं आहेत. बहुतेक पोरं मेजर विचार करून घेतात आणि बाकीची खणं मित्रानं जे घेतलं त्यानं भरतात. पॉलिसी करायची असेल तर उलट आहे, बाकीच्या खणांतच तुमची डिग्री बनते.

माझं मत विचाराल तर मेजर इकॉनॉमिक्स, मायनर पॉलिटिकल सायन्स. किंवा मेजर पॉलिटिकल सायन्स असेल तर मायनर इकॉनॉमिक्स किंवा स्टॅटिस्टिक्स पाहिजेच पाहिजे. सोशॉलॉजी, जिओग्रफी, एन्व्हायर्न्मेंट हे मेजर म्हणून पण चालतात, मात्र सोबत आकड्यांचा एक विषय हवा. ओपन इलेक्टिव्हला कायद्याची ओळख करून देणारा कोर्स मिळाला तर सोडू नका. आणि थोडं थोडं सगळंच घेऊ असं करू नका. प्रत्येक विषयाचं पहिलं प्रकरण येतं आणि दुसरं कुठल्याच विषयाचं येत नाही, अशी माणसं या क्षेत्रात आधीच खूप आहेत. एक विषय तरी असा पाहिजे जो तुम्ही ज्युनिअरला बसवून शिकवू शकाल.

कागदावर सगळी कॉम्बिनेशन मोकळी असतात, प्रत्यक्षात टाइमटेबल आणि मास्तरांची संख्या ठरवते काय मिळणार ते. त्यामुळं प्रॉस्पेक्टसवर विसंबू नका, सेकंड इयरच्या पोरांना गाठून विचारा.

पायरी ४ : आकड्यांशी दोस्ती

दहावीनंतर गणित सोडलेल्यांनी इथं पान उलटू नका. कॅल्क्युलस नंतर बघू, सुरुवातीला टक्केवारी, सरासरी, मध्यक आणि हा आकडा कुणाला विचारून काढला हा प्रश्न, एवढ्यावर वर्षभर निघतं. आधी एक्सेल, पुढं आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, या दोन्ही फुकट आहेत.

सराव कशावर करायचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्ह्यांची फॅक्टशीट सगळ्यांसाठी खुली आहे, आपल्या जिल्ह्याची काढा. पाचव्या फेरीत म्हणजे २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आधीच्या फेरीपेक्षा कमी झालं म्हणून बरं वाटतं. मग परभणीचा आकडा बघा, ४८ टक्क्यांच्या आसपास, आणि बीड ४० च्या वर. राज्याच्या सरासरीत हे गायब होतं. बीडमध्ये का, याला ऊसतोडीच्या हंगामाशिवाय उत्तर नाही, घरदार सहा महिने कोयत्यावर जाणार असेल तर वयात आलेली पोर मागं कुणाकडं ठेवायची हा त्या आईबापाचा प्रश्न आहे, आणि त्याला नुसतं कायदा कडक करा म्हणून उत्तर मिळत नाही. आकडा आपल्याला दारापर्यंत नेतो, आत जायला माणसांशी बोलावंच लागतं.

महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दर वर्षी बजेटच्या तोंडावर येते, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. मराठी मीडियमवाल्यांनी दोन्ही शेजारी उघडून एकेक प्रकरण वाचा, इंग्रजीतल्या संज्ञा आपोआप बसतात, वेगळा क्लास लावायची गरज नाही.

पायरी ५ : जीआर वाचायला शिका

हे कुठल्या सिलॅबसमध्ये धड शिकवत नाहीत आणि याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. राज्य सरकारचे शासन निर्णय, म्हणजेच जीआर, वेबसाइटवर खात्यांप्रमाणे लावलेले असतात, मराठीत असतात, फुकट असतात. कुठलाही एक उघडा.

वर विषय, खातं, क्रमांक, तारीख. त्याखाली वाचा म्हणून आधीच्या जीआर आणि पत्रांची यादी येते. नवखे ही यादी ओलांडून पुढं जातात, पण योजनेचा सगळा इतिहास तिथंच असतो, त्यातला सगळ्यात जुना क्रमांक शोधून तिथून वाचत आलं की कळतं काय अट कधी घुसली आणि कधी गळली. मग प्रस्तावना, म्हणजे सरकार स्वतः काय कारण सांगतंय. मग प्रत्यक्ष शासन निर्णय, त्यात पात्रता, समित्या, कोण अध्यक्ष, कोण सदस्य सचिव. समितीत सदस्य सचिव कोण आहे ते नक्की बघा, कारण बैठक बोलवायची की नाही हे बऱ्याचदा त्याच्याच हातात असतं.

खाली खर्च कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या कुठल्या खात्यातून, करायचा ते लिहिलेलं असतं. लेखाशीर्षच नसेल आणि फक्त उपलब्ध तरतुदीतून भागवावे असं काहीतरी असेल तर समजून जा, पैशाची खात्री नाही. मग वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांकानं सहमती मिळाल्याचं एक वाक्य, ते असलं तर फाइल पैसेवाल्यांच्या टेबलावरून गेलीय. शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने, सही, आणि प्रत कुणाकुणाला त्याची लांबलचक यादी. त्या यादीत ग्रामसेवकापर्यंत कागद कोणत्या रस्त्यानं जाणार ते दिसतं, आणि कुठं अडकणार त्याचाही अंदाज येतो.

एका योजनेचे सगळे जीआर ओळीनं वाचून काढले तर तुम्ही त्या योजनेबद्दल बऱ्याच तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांपेक्षा जास्त जाणता, हे अतिशयोक्तीनं म्हणत नाहीये.

जे वेबसाइटवर नाही त्यासाठी माहिती अधिकार आहे. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. कारण द्या असं विचारू नका, अमुक कागदाची प्रत द्या असं मागा, उत्तर टाळायला जागा कमी राहते.

पायरी ६ : थोडा इतिहास, पण कामाचा

बऱ्या पगारावर नोकरी करणाऱ्या कुणाचीही पगाराची स्लिप बघा. दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. घरोघरी याला शिव्या पडतात. हा टॅक्स महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानं आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. १९७२ चा दुष्काळ, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरलेली कल्पना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल, आणि पुढं २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामाचे पैसे भरायचे हे राजकारणात कसं काय मान्य झालं असेल, यावर एक टर्म पेपर सहज होतो. आपल्याकडं असं मटेरियल पडलंय आणि पोरं अमेरिकेतल्या हेल्थ इन्शुरन्सवर प्रेझेंटेशन करतात, जाऊ दे.

पायरी ७ : बाहेर पडा

फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट तसेही मिळवायचेच आहेत, तर सर्टिफिकेट देणाऱ्या ओळखीच्या ऑफिसात ते वाया घालवू नका. गावात असाल तर ग्रामसभेला बसा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा, कोरम होतो का, बायका बोलतात का, ठराव आधीच लिहिलेला असतो का ते बघा. पुण्यात असाल तर महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे, आपल्या प्रभागातून काय सुचवलं गेलं आणि त्यातलं काय झालं एवढा एकच प्रोजेक्ट वर्षभर पुरेल. इंटर्नशिपसाठी पुण्यात विजेच्या धोरणावर काम करणारं प्रयास, मुंबईत नगरसेवक-आमदारांच्या कामाचे रिपोर्ट काढणारं प्रजा फाउंडेशन, अशा संस्थांवर लक्ष ठेवा. ईमेल पाठवताना बायोडेटाबरोबर तुमची दोन पानांची एक नोट जोडा, पायरी १ मध्ये लिहिलेली असली तरी चालेल.

नोटचा फॉरमॅट साधा असतो. प्रश्न काय, कुणाला त्रास होतोय, आत्ता सरकार काय करतंय, दोन किंवा तीन पर्याय, प्रत्येकाला साधारण खर्च किती आणि विरोध कोण करेल, आणि मग तुमचं मत. विरोध कोण करेल हा भाग नसेल तर वाचणारा तिथंच ओळखतो की हे वर्गात बसून लिहिलंय. मराठीत लिहिता आलं आणि इंग्रजीतही, तर तुमचा भाव वाढतो, कारण जिल्ह्यातलं काम मराठीत चालतं आणि रिपोर्ट इंग्रजीत मागतात.

पायरी ८ : पुढं काय

बीए झाल्या झाल्या थेट पॉलिसी ॲनालिस्ट वगैरे पद मिळेल असं समजू नका. सुरुवातीच्या नोकऱ्या म्हणजे एनजीओत रिसर्च असिस्टंट, सर्व्हेच्या कंपन्या, सीएसआर म्हणजे कंपन्यांचे समाजकार्याचे विभाग, सरकारी प्रोजेक्ट चालवणाऱ्या कन्सल्टन्सी, हल्ली निवडणुकीचं काम करणाऱ्या फर्मपण. पगार आयटीवाल्या मित्रापेक्षा कमीच असणार, ते घरी आधी सांगून ठेवा.

फेलोशिप हा चांगला पूल आहे. संसदेच्या कामावर संशोधन करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप खासदाराबरोबर काम करायला देते, २५ वर्षांपर्यंतच्या कुठल्याही शाखेच्या पदवीधराला. राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली, त्याला फर्स्ट क्लास, वर्षभराचा अनुभव, २१ ते २६ वय आणि मराठी येणं लागत आलंय, पण जाहिरात निघेल तेव्हा अटी परत वाचा. मास्टर्ससाठी आयआयटी बॉम्बे, मुंबईचं सेंट झेवियर्स, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, बंगळुरूची नॅशनल लॉ स्कूल, आणि मुंबई विद्यापीठाचं मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी ही नावं डोक्यात ठेवा. दोन वर्षं काम करून मग मास्टर्सला जा, वर्गात बोलायला काहीतरी असतं.

ॲडमिशनच्या दिवशी ऑफिसात विचारायचं ते

मायनर कुठल्या सेमिस्टरला निवडायचा आणि नंतर बदलता येतो का, इकॉनॉमिक्स आणि पॉलिटिकल सायन्सची लेक्चर एकाच वेळी लागतात का, चौथं वर्ष याच कॉलेजात आहे की दुसरीकडं जावं लागेल, ऑन जॉब ट्रेनिंग स्वतः शोधलेलं चालतं का, आणि क्रेडिट जमा होण्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी कॉलेज काढून देतं की आपण काढायचा. खिडकीवरच्या माणसाला यातलं सगळं माहीत असेलच असं नाही, तो डिपार्टमेंटला पाठवेल, तर तिकडं जा, आणि जमलं तर तोंडी उत्तरावर न थांबता नोटीस कुठं लागलीय ते विचारून तिचा फोटो काढून ठेवा.